कुरव हाकण्याची नोकरी

३ डिसेंबर

सुनेनं सासऱ्याला नोकरी लावल्याचं मी तरी आजवर ऐकलं नव्हतं. आमच्या घरात ते आज सकाळी चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर घडलं.

सूनबाई बंदरावरच्या मासळी लिलावाच्या शेडची प्रमुख आहे. उन्हाळ्यात तिला ही जागा मिळाली, पण 'तात्पुरती' हा शब्द अजून तिच्या हुद्द्याला चिकटलेला आहे. थंडी पडली की शेडमध्ये कुरव, म्हणजे ती पांढरी समुद्रपाखरं, शिरतात. शेडला एकाच बाजूनं भिंत, त्यामुळे त्यांना दार वाजवायची तसदीही पडत नाही. टोपल्यांतल्या तारल्या उचलायच्या, वर तुळयांवर बसून खायच्या, आणि खाल्ल्यानंतर जे व्हायचं ते थेट खालच्या बांगड्यांवर, तराजूवर, गिऱ्हाइकांच्या डोक्यांवर. गेल्या हिवाळ्यात तपासणीचे साहेब लिहून गेले की पुढच्या खेपेला आत एक जरी पक्षी दिसला, तर शेडला टाळं.

"टाळं म्हणजे सगळी माणसं घरी, बाबा. आणि त्यांत पहिली मी," सूनबाई म्हणाली.

आधी त्यांनी एक यंत्र आणलं होतं. ते ससाण्यासारखं किंचाळायचं. कुरव पहिल्या आठवड्यात पळाले, दुसऱ्या आठवड्यात परतले, आणि तिसऱ्या आठवड्यात त्या यंत्रावरच बसून त्यांनी असा काही अभिषेक केला की यंत्राचाच घसा बसला.

"आता माणूसच हवा. आणि आवाज म्हणाल तर तुमच्यासारखा कुणाचा आहे?"

ऐकून पोटात गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला लिहू? उभी हयात मी स्टेशनवर घोषणा दिल्या. मग ती टेपवरची बाई आली. ती कधी खोकली नाही, कधी रजेवर गेली नाही, आणि कधी कुणा हरवलेल्या पोराला 'बाळा, रडू नकोस, तुझी आई खिडकीपाशी उभी आहे' असंही म्हणाली नाही. तेव्हापासून हा आवाज घरातल्या घरात, नळ बंद करा सांगण्यापुरता उरला होता.

चिरंजीव वर्तमानपत्रामागून म्हणाले, "अंगणात चिमण्यांना दाणे टाकणाऱ्या बाबांना पाखरं हाकायला लावणं म्हणजे मांजराला दुधाची राखण."

त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. परवापासून जातो.

५ डिसेंबर

शेड म्हणजे एक लांबलचक ओला आवाज आहे. सिमेंटच्या फरशीवरून पाणी वाहतं, कोपऱ्यात बर्फ फोडायचं यंत्र घरघरतं, निळे क्रेट घासत पुढे सरकतात, आणि या सगळ्याच्या वर लिलाव पुकारणारा. त्याला सगळे भोंगा म्हणतात. त्याचा आवाज मोठा आहे, पण सुरात नाही. मी तसं बोलून दाखवलं, आणि त्याला ते आवडलं नाही.

मासळी निवडणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. माझ्याच वयाच्या असतील, पण मीही मावशीच म्हणतो. शेडची रीत आहे. त्यांनी मला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "या स्टेशनमास्तर. गाडी लेट आहे, पण प्रवासी वर बसलेत बघा."

तुळयांवर ओळीनं कुरव! पांढरंशुभ्र पोट, राखी पाठ, लाल चोच. ओळीत उभ्या केलेल्या पोरांसारखे एकमेकांना ढकलत होते. सूनबाईनं मला हातातला कर्णा दिला. तो तोंडाशी धरला आणि 'हाड' म्हणायला गेलो, तर तोंडातून शब्दच फुटेना. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्यांना हाड कसं म्हणायचं? शेवटी जन्माच्या सवयीनं म्हणालो, "लक्ष असू द्या! लक्ष असू द्या! कृपया शेड रिकामी करावी."

दचकून निम्मे उडाले.

"बघितलंत?" सूनबाई मावशींना म्हणाली.

मावशी म्हणाल्या, "बघितलं. आमचा बर्फवालाही उडाला."

८ डिसेंबर

वाचनालयातून किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचं पुस्तक आणलं. प्रत्येक पानावर तीनच मथळे: अधिवास, आढळ, आहार. किती गोड अनुप्रास! एखाद्या आरतीचा पहिला चरण असावा तसं वाटतं.

कुरवाचा अधिवास म्हणजे समुद्रकिनारे, बंदरं, खाड्या, चिखलाची मैदानं. आढळ ऋतूप्रमाणे बदलतो: उन्हाळ्यात उत्तरेकडच्या डोंगरांपलीकडची थंड तळी, हिवाळ्यात आपला किनारा. आहार मात्र वाचून हसू आलं. मासे, खेकडे, चिखलातले किडे, मेलेलं, टाकलेलं, दुसऱ्याच्या तोंडचं ओढून घेतलेलं. थोडक्यात, पुढ्यात येईल ते.

डोंगर ओलांडून यायचं ते कुणाच्या तरी उष्ट्या तारलीसाठी. पण नोकरीसाठी माणसंही कुठून कुठं जातात, आपण त्यांना हसतो का?

१२ डिसेंबर

युक्ती सुचली. पुस्तक उशाशी घेऊन झोपलो होतो, त्याचाच हा गुण. आहार जिथे, अधिवास तिथे! कुरवांना शेडमधून हाकलून काय होणार? पालथ्या घड्यावर पाणी. त्यापेक्षा त्यांचं पान दुसरीकडे वाढावं.

धक्क्याच्या टोकाला, बांधापलीकडे, वाळूचा एक लांब दांडा समुद्रात गेला आहे. तिथं कुणी फिरकत नाही. लिलाव सुरू व्हायच्या आधी तिथं मासळीची डोकी-आतडी नेऊन टाकली तर पाहुणे तिथेच जेवतील, आणि शेड मोकळी.

मावशींकडे बादली मागितली.

"कशाला हो?"

"पाहुणचाराला."

त्यांनी बादली भरून दिली आणि वर म्हणाल्या, "स्टेशनमास्तर, उपवासाच्या दिवशी सांगा, कमी देते."

सूनबाईला इतक्यात सांगणार नाही. यश आलं की सांगेन.

१४ डिसेंबर

दांड्यावरचा पहिला दिवस. वाळू ओली, वारा पुस्तकाची पानं उलटावी तसा. बादली ओतली, पण पाखरू फिरकेना. त्यांना कळणार कसं? घोषणेशिवाय गाडी आली म्हणून कुणाला कळलंय का कधी? मग छाती भरून घेतली आणि म्हणालो, "लक्ष असू द्या! लक्ष असू द्या!" आणि त्या निळ्या पसाऱ्याकडे बघता बघता पुढे कविता कधी सुरू झाली ते कळलंच नाही:

निळ्या पाटीवर खडू पांढरा, कोण ओढितो रेघ अशी?
ना हात दिसे, ना बोट दिसे, अन् अक्षर पुसते लाट कशी?

आमच्या गुरुजींची ही स्वतःची रचना. वर्गातल्या आम्हा पोरांखेरीज कुणी ऐकली नसेल. ते शेवटच्या तासाला म्हणून घ्यायचे, आणि मग विचारायचे, "सांगा, कोण?" कुणी म्हणे ढग, कुणी म्हणे शीड. मी म्हणालो होतो, "गुरुजी, तुमचा सदरा." गुरुजी छडी उचलता उचलता हसले होते.

दुसऱ्यांदा म्हटली तेव्हा एक कुरव उतरला. मग दुसरा. मग पांढऱ्या खडूंचा डबाच कुणीतरी उपडा केला.

२३ डिसेंबर

आता रोजचा रिवाज झाला आहे. पहाट फुटली की दांडा, घोषणा, कविता, बादली. मग चहा. मग शेड.

दांड्यावरची युक्ती सफळ आहे याबद्दल शंका नाही. मी पोचतो तेव्हा शेडमध्ये चिटपाखरू नसतं. लिलावाच्या पहिल्या पाटीपर्यंत तुळया रिकाम्या. पण एक चमत्कारिक गोष्ट आहे. सावधगिरी म्हणून मी कर्णा उचलतो, "लक्ष असू द्या!" म्हणतो, की नेमके त्याच वेळी थवेच्या थवे आत घुसतात! जणू माझ्या तोंडातून शब्द निघायची वाट बघत असावेत. मी जितक्या मोठ्यानं बजावतो, तितके अधिक येतात. असले उद्धट प्रवासी मी तीन पिढ्यांत पाहिले नव्हते.

भोंगा म्हणाला, "आजोबा, तुम्ही गप्प बसून बघा की एकदा."

मत्सर. त्याला पहिल्या दिवशी सुराचं बोललो, ते अजून मनात आहे.

४ जानेवारी

बर्फाचा ट्रकवाला सांगत होता की वरच्या बंदरावर यंदा एकही कुरव नाही. त्याच्या पलीकडच्या गावीही नाही. "सगळे गेले कुठं कोण जाणे!" तो म्हणाला.

मी पुस्तकात आढळ पुन्हा वाचून पाहिला. काही उलगडा होत नाही. दांड्यावर मात्र हल्ली पाय ठेवायला जागा नसते. मावशी आता दोन बादल्या देतात.

निसर्गाची गूढं, दुसरं काय.

१७ जानेवारी

घसा बसला. सूनबाईनं ताकीद दिली की दोन दिवस घराबाहेर पडायचं नाही. गरम पाणी पीत खिडकीशी बसलो आहे. चिरंजीव कामावर जाताना म्हणाले, "बाबा, आज घर कसं शांत शांत वाटतंय." हे कौतुक होतं का, ठरवता येईना.

१८ जानेवारी

सूनबाई संध्याकाळी हसत घरी आली. "बाबा, काल नि आज मिळून आत एकच कुरव आला, आणि तोही इकडेतिकडे बघून निघून गेला!"

म्हणजे माझा दरारा बघा. मी नसतानाही टिकला. जुन्या काळी हेडमास्तर रजेवर असले तरी शाळेत टाचणी पडली तर ऐकू यायची, तसं.

सूनबाई मात्र हे ऐकून चहा ढवळत राहिली. साखर विरघळली तरी ढवळतच होती.

२० जानेवारी

पुन्हा कामावर. घोषणा देताच अवघं आभाळ आत आलं. एकानं भोंग्याच्या हातातला बांगडा बोली चालू असतानाच पळवला. गिऱ्हाइकांत हशा पिकला, "सर्वांत वरची बोली त्याचीच!"

खरं सांगायचं तर आज मन खट्टू झालं. मी असताना हे असं, आणि मी नसताना शांतता. कुठंतरी काहीतरी चुकतंय असं वाटतं, पण बोट ठेवता येत नाही. सूनबाईनं माझ्या भरवशावर वरच्या ऑफिसात शब्द दिला आहे. तिची जागा गेली तर मी कुठल्या तोंडानं तिच्या हातचा चहा पिऊ?

उपाय एकच. आवाज वाढवायचा.

७ फेब्रुवारी

नवीनच भानगड. काही कुरवांच्या डोक्यावर काळपट-तपकिरी डाग दिसू लागले आहेत. दौतीत डोकं बुडवल्यासारखे. म्हणजे ही दुसरीच जमात चालून आली! पांढऱ्या डोक्यांचे ते आधीचे, काळ्या डोक्यांचे हे नवे. सूनबाईला सांगितलं की शत्रू दुप्पट झाला आहे.

ती म्हणाली, "बाबा, जरा अंगणात या."

अंगणात ती मला म्हणाली, "ते तुमचं 'लक्ष असू द्या' म्हणा बघू. कर्णा नको. नुसतं."

माझी जुनी कला तिला ऐकावीशी वाटली याचा आनंद झाला. म्हटलं, चांगलं दणदणीत. घर बंदरापासून हाकेच्या अंतरावर आहे. बघता बघता कौलांवर, वाळत घातलेल्या चादरींच्या दोरीवर, पाण्याच्या टाकीवर कुरवच कुरव.

"आता त्या दांड्यावर रोज सकाळी काय करता, ते सांगा. मावशी काहीतरी म्हणत होत्या."

सगळं सांगितलं. अधिवास, आढळ, आहार, बादली, गुरुजींची कविता. ती पायरीवर बसली. दोन्ही हातांत डोकं धरलं. तिचे खांदे हलत होते. बिचारी, कामाचा ताण. मी पाठीवरून हात फिरवला. म्हणालो, "अगं, मी आहे ना!"

"हो ना, बाबा," ती म्हणाली. "तेच."

२४ फेब्रुवारी

तपासणी परवा. शेडमध्ये एकच घाई. फरशी घासली, तराजू पुसला, भोंग्यानं नवा सदरा शिवून घेतला. 'साहेब येणार, साहेब येणार' एवढंच ऐकू येतं. गेल्या खेपेचे साहेब मिश्यांवरून बोट फिरवत फिरत होते म्हणतात. कुणी चहा पुढे केला तरी आधी कपाचा वास घेऊन बघत.

मी म्हणालो, "परवा मी सूर्योदयापासून कर्णा घेऊन शेडच्या मधोमध उभा राहतो."

सूनबाईच्या हातून झाकण पडलं. मग जवळ येऊन बसली. "बाबा, शत्रूला गावात येऊ देऊन लढतात, की वेशीवर अडवतात?"

"वेशीवर."

"मग परवा तुम्ही दांडा लढवायचा. दिवसभर. घोषणा, कविता, सगळं तिथंच. शेडकडे फिरकायचंसुद्धा नाही. जमेल?"

या मुलीला सेनापती करायला हवं होतं.

२६ फेब्रुवारी

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

उजाडता उजाडता दांड्यावर पोचलो. मावशींनी बादल्या भरून आधीच पाठवल्या होत्या. घोषणा दिली, आणि अख्ख्या किनाऱ्याचे कुरव माझ्याभोवती उतरले. दूर शेडचं छप्पर दिसत होतं, धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ. बादल्या संपल्या तेव्हा कविता सुरू केली. कविता म्हणून म्हणून जीभ वळेना तेव्हा जुन्या गाड्यांच्या वेळा पुकारल्या. कुरवांना त्याही चालल्या.

ऊन वर आल्यावर बांधावरून एक बाई चालत आल्या. पायांत पांढरे रबरी बूट, अंगात पांढरा कोट, केसांना जाळी, खिशात थर्मामीटर, हातात कागद अडकवलेली चिमट्याची पाटी. आधी वाटलं, एखाद्या मोठ्या स्वयंपाकघरात कामाला असाव्यात. मग थर्मामीटर पाहून वाटलं, पक्ष्यांच्या डॉक्टर.

"हा आवाज तुमचा का?" त्यांनी विचारलं.

"तिकडे ऐकू येत होता?"

"तिकडे दुसरं काही ऐकूच येत नव्हतं."

अशी दाद हल्ली कोण देतं? मी बादली उपडी करून त्यांना बसायला दिली. फार चौकस बाई. विचारलं, "हे रोज इथंच असतात?"

"छे हो! रोज शेडमध्ये असतात. तुळयांवर. आज तपासणी आहे, म्हणून मला इथं बसवलंय."

"असं?"

"तर! साहेब यायचेत. फार खडूस माणूस आहे म्हणे."

"कोण म्हणतं?"

"सगळी शेड म्हणते."

त्यांना खोकला आला. समुद्राचा वारा सगळ्यांना मानवत नाही. मी माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. मग त्यांनी विचारलं की मुळात कुरव शेडमध्ये जातात कशाला. आता हा तर माझा विषय! आहार नीट समजावून सांगितला. आतड्यांच्या टोपल्या दुपारपर्यंत गटाराशेजारी उघड्या असतात, तेच खरं आमंत्रण, असंही सांगितलं.

"टोपल्यांना झाकणं नाहीत?"

"आहेत की. मावशी त्यांवर बसतात."

बाईंनी पाटीवर काहीतरी टिपलं. अभ्यासू लोकांची ही सवय मला आवडते. मग मी त्यांना काळ्या डोक्यांची जमात दाखवली.

"तेच आहेत हे, आजोबा," त्या म्हणाल्या. "विणीचे दिवस जवळ आले की डोकं गडद होतं. थोड्या दिवसांत निघतील आता. मला लहानपणापासून यांचा नाद आहे."

म्हणजे मी एकाच वऱ्हाडाला दोनदा मोजत होतो! दोघंही हसलो. मग त्यांनी घोषणा ऐकायची इच्छा दाखवली. दिली. जे थोडे लांब पाण्यावर तरंगत होते तेही उडून पायाशी आले. बाईंनी कुरवांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग शेडच्या छपराकडे पाहिलं.

"आणि हेच तुम्ही शेडमध्येही म्हणता?"

"अर्थात. कर्ण्यातून."

त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे पुसले. वाळू फार उडते तिथं.

"पण तपासणीच्या दिवशी हे सगळं परक्या माणसाला सांगताय. भीती नाही वाटत?"

मी म्हणालो, "अहो, भीती वाटते ना. माझ्या सुनेची जागा यावर आहे. गुणी पोरगी आहे. पहाटे सगळ्यांच्या आधी जाते, स्वतः फरशी घासते. पण तुम्ही पाखरांबद्दल विचारलंत. पाखरांबद्दल खोटं कसं सांगणार?"

त्या निघाल्या तेव्हा मी गुरुजींची कविता म्हटली आणि विचारलं, "सांगा, कोण?"

"कुरव," त्या लगेच म्हणाल्या.

पहिल्या फटक्यात! आमच्या अख्ख्या वर्गाला जमलं नव्हतं. गुरुजी आज असते तर त्यांनी बाईंना पहिल्या बाकावर बसवलं असतं.

"पुढच्या थंडीत हे परत आले की मीही येईन," म्हणाल्या, आणि बांधावरून शेडच्या दिशेनं गेल्या. तिकडून जवळ पडत असावं.

रात्री जेवताना सगळी हकिकत सांगितली. सूनबाईचा घास हातातच राहिला.

"पांढरे रबरी बूट?"

"हो."

"केसांना जाळी?"

"हो, हो. तुझ्या ओळखीच्या आहेत का?"

"तोंडओळख आहे," ती म्हणाली. "बाबा, त्यांना काय काय सांगितलंत?"

"सगळं!"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ वाहत होता. चिरंजीवांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "बाबा, उद्या मौन पाळा."

दिवसभर आवाज ताणला होता. मुलाला काळजी आहे.

१ मार्च

निकाल नाही. सूनबाईच्या ताटात अन्न तसंच राहतं. मी समजावलं, "अगं, आत एक पीससुद्धा दिसलं नाही, मग भीती कसली?" ती माझ्याकडे बघून हसली, आणि ते हसू मला आवडलं नाही. आई रडू आवरायची तेव्हा असं हसायची.

शेडमध्येही सगळे हळू बोलतात. भोंगासुद्धा.

४ मार्च

निकाल आला! शेड पास!

सूनबाईनं कागद शेडच्या मधोमध उभं राहून वाचला. पहिल्याच ओळीला तिचा आवाज कापरा झाला, मग मावशी म्हणाल्या, "दे स्टेशनमास्तरांना, त्यांचं कामच ते." म्हणून पुढचं मी वाचलं, कर्ण्याशिवाय.

अटी बऱ्याच आहेत. टोपल्यांना झाकणं हवीत आणि झाकणांवर कुणी बसू नये. (मावशी म्हणाल्या, "अगं बाई, हेही लिहिलंय!") उघड्या बाजूंना जाळी. दांड्यावर आतडी टाकणं बंद. आणि ज्येष्ठ कर्मचाऱ्यांनी शेडच्या आवारात घोषणा देऊ नयेत. दांड्यावर हरकत नाही.

हे वाचता वाचता माझं रक्त तापलं. साहेबांना दांड्याचं कळलं कसं? झाकणांचं? माझ्या घोषणांचं? घरभेदीच कुणीतरी! मी भोंग्याकडे असं पाहिलं की तो तराजूमागे सरकला.

पण शेवटची ओळ होती: 'आजवरच्या तपासण्यांत प्रथमच कुणी आपण होऊन खरी परिस्थिती सांगितली. ज्या शेडमधली माणसं लपवत नाहीत, ती शेड सुधारते. हे ध्यानात घेऊन मुदत देत आहे, आणि शेडप्रमुखांना कायम करावं अशी शिफारस करत आहे.'

सगळे टाळ्या वाजवू लागले. मावशींनी सूनबाईच्या गालाला ओल्या हातांनी खवलं लावली. आणि सूनबाई, एवढ्या लोकांत, खाली वाकून माझ्या पाया पडली. आनंदात माणसाला भान राहत नाही.

५ मार्च

भल्या सकाळी भोंग्याकडे गेलो. माणसानं चूक कबूल करावी. म्हणालो, "बाबा रे, काल तुझ्याकडे वाकड्या नजरेनं पाहिलं. पण तू साहेबांना खरं सांगितलंस म्हणून माझ्या सुनेची जागा राहिली. तुझा आवाजही तसा सुरात आहे."

तो म्हणाला, "मी? मी काय सांगितलं?"

"राहू दे. मोठेपणा झाकायचा नसतो."

त्याला चहा पाजला. बिस्किटंही. तो घाबरत घाबरत प्यायला. विनयशील माणूस निघाला. मीच ओळखलं नाही.

१९ मार्च

झाकणं बसली, जाळ्या लागल्या, कर्णा कपाटात गेला. मावशी आता खुर्चीवर बसतात आणि खुर्चीला नावं ठेवतात. कुरव शेडकडे ढुंकूनही बघत नाहीत. ओहोटीला खाडीच्या चिखलावर उतरतात, पाय आपटून आपटून किडे बाहेर काढतात, खेकड्यांशी मारामारी करतात. अगदी पुस्तकातल्यासारखा आहार.

मी दांड्यावर जातो. बादली नसते, त्यामुळे श्रोते कमी. एखाददोन येतात, कविता संपेपर्यंत थांबतात, हातांकडे बघतात आणि जातात. बरेचजण उत्तरेला निघालेही. कवितेवर जगणारे थोडेच. ते माणसांतही तसंच आहे.

२ एप्रिल

दांडा रिकामा. आढळ बदलला. डोंगरांपलीकडे आत्ता तळी वितळत असतील.

सूनबाईच्या हुद्द्यातला 'तात्पुरती' आज अधिकृतपणे गेला. ती पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून घरी आली, आणि चहा करता करता म्हणाली, "पुढची तपासणी थंडीत आहे, बाबा. कुरव आले की."

माझ्या मनात एकदम पाल चुकचुकली. त्या रबरी बुटांच्या बाईही तेव्हाच यायच्या आहेत! मी म्हणालो, "अगं, मग तारखा सांभाळ. त्या आणि साहेब एकाच दिवशी यायला नकोत. बाई मोकळ्या मनाच्या, काहीबाही विचारतात. साहेबांनी ऐकलं तर उगाच रंगाचा बेरंग."

सूनबाईला ठसका लागला. चिरंजीव उठून बाहेर गेले. हल्ली ते फार वेळा असे उठून बाहेर जातात. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "नाही बाबा, एकाच दिवशी येऊ देत. मी स्वतः त्यांना दांड्यावर आणून सोडेन. तुम्ही विचारतील ते सगळं सांगा."

मन मोठं आहे पोरीचं. मी एवढंच बजावलं, की साहेबांना मात्र याचा पत्ता लागता कामा नये.